मॉडेल खरं कशावरून?

मुंबईत अंधेरी पूर्व आणि पश्चिम यांना जोडणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ च्या सकाळी पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. दोन जीव गेले. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ पासून हा पूल धोकादायक म्हणून बंद झाला, पाडला गेला आणि नव्याने बांधायला घेतला गेला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली तेव्हा अंधेरीकरांच्या लक्षात आलं, की ज्या सी. डी. बर्फीवाला उड्डाणपुलाला हा पूल पूर्वी सरळ मिळत होता, तो आता सुमारे दीड मीटर खाली राहिला आहे. रुळांवरची मोकळी उंची रेल्वेच्या नियमांनुसार वाढवावी लागली आणि त्यामुळे नवा पूल वर गेला, असं महापालिकेकडून सांगण्यात आलं. मग व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेचा सल्ला घेतला गेला, बर्फीवाला पुलाखाली जॅक लागले, आणि त्याचा टोकाचा भाग एका बाजूला १,३९७ आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलून जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. दोष कोणाचा याची चर्चा तेव्हा भरपूर झाली. माझ्या दृष्टीने या घटनेतला महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही पूल आपापल्या परीने वापरण्याजोगे होते, आपापल्या कागदांत सुसंगत होते. जुळत नव्हते ते एकमेकांशी. एखादं बांधकाम कागदावर किंवा पडद्यावर पूर्णपणे सुसंगत असूनही जमिनीवर खोटं ठरू शकत असेल, तर ते कागद आणि तो पडदा तयार करणाऱ्या साधनाची प्रत आपण कशाने ठरवायची?

या साधनाचं आजचं नाव बिम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. रेव्हिट, आर्किकॅड, टेक्ला ही त्यातली ओळखीची सॉफ्टवेअर. जुन्या संगणकी ड्रॉइंगमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेघा असत. बिममध्ये ती एक वस्तू असते, तिला जाडी असते, साहित्य असतं, आग किती वेळ अडवेल याची नोंद असते, आणि तिच्यातला दरवाजा हलवला की नकाशा, छेद आणि दरवाज्यांची यादी तिन्ही एकदम बदलतात. नागपूर मेट्रोने याच्या पुढे जाऊन वेळ आणि खर्च हेही मॉडेलला जोडले आणि त्याला ‘फाइव्ह-डी बिम’ म्हटलं. मुंबईच्या उपनगरांतल्या मोठ्या पुनर्विकास प्रकल्पांतही बिमचा वापर वाढतो आहे. कार्यालयांमध्ये हे सॉफ्टवेअर निवडताना जे प्रश्न विचारले जातात ते रास्तच असतात: परवाना केवढ्याला पडतो, मोठी फाइल उघडताना मशिन किती वेळ अडकतं, नवा मुलगा किती दिवसांत शिकतो, दुसऱ्या सॉफ्टवेअरशी देवाणघेवाण नीट होते का. सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचं आयएसओ २५०१० हे आंतरराष्ट्रीय मानकही उपयुक्तता, कार्यक्षमता, विश्वासार्हता, सुरक्षितता अशाच गुणांची मोजणी करायला सांगतं. पण या सगळ्या कसोट्या साधनाच्या आहेत. थापी किंवा ओळंबा यांना त्या पुरेशा ठरतात, कारण थापी काही विधान करत नाही. मॉडेल विधान करतं. ‘इथे २३० मिलिमीटरची भिंत आहे’, ‘या बीमखालून ११० मिलिमीटरचा पाइप जातो’, ‘स्लॅबची ही पातळी आहे’, अशी हजारो विधानं त्यात असतात, आणि माणसं त्या विधानांवर विसंबून लोखंड कापतात, स्लॅब ओततात, घरं विकत घेतात. जे साधन विधान करतं त्याला वेगाची कसोटी लावून भागत नाही. त्याला सत्याची कसोटी लावावी लागते. माझं म्हणणं असं, की बिम सॉफ्टवेअरची प्रत प्रामुख्याने एका गोष्टीवर ठरायला हवी: आपल्यातलं प्रत्येक विधान कशाच्या आधारावर उभं आहे हे ते दाखवतं की झाकतं, आणि जमिनीकडून विरोध आला तर तो आत येऊ देतं की नाही.

हे झाकणं कसं घडतं ते एका भिंतीपाशी थांबून पाहता येतं. बोरिवलीतली सत्तरच्या दशकातली एखादी चार मजली इमारत घ्या. मोजणी करणारा मुलगा टेप घेऊन खोलीत जातो. एका भिंतीला कपाट टेकलेलं असतं, म्हणून तिथलं माप तो समोरच्या भिंतीवरून घेतो. दुसरी भिंत शेजाऱ्याच्या घरात, ते घर बंद. तिची जाडी तो बाहेरच्या भिंतीएवढी धरतो. तिसरीचं माप सोसायटीच्या कपाटातल्या मंजूर नकाशावरून उतरवतो. संध्याकाळी तिन्ही भिंती मॉडेलमध्ये उभ्या राहतात आणि तिन्ही सारख्याच ठाम दिसतात. कपाटामागच्या भिंतीची लांबी ३,०४७ मिलिमीटर अशी येते, जणू ती शेवटच्या मिलिमीटरपर्यंत मोजली आहे. सगळे कोपरे नव्वद अंशांत बसतात, जरी त्या इमारतीत गुण्या लावला तर एकही कोपरा नव्वदचा निघणार नाही. भिंतीवर क्लिक केलं की उजव्या-डाव्या बाजूला गुणधर्मांची पट्टी उघडते: प्रकार, जाडी, उंची, कोणत्या टप्प्यात बांधली, शेरा. ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ असा रकाना त्यात तयार मिळत नाही. हवा असेल तर आपण होऊन बनवावा लागतो. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीसाठी जो खुला साचा आहे, आयएफसी, त्यात वस्तूची मालकी-नोंद ठेवायची सोय आहे. ती कोणी आणि कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केव्हा तयार केली हे तिथे लिहिता येतं. साच्याच्या जुन्या आवृत्तीत ही नोंद सक्तीची होती, चौथ्या आवृत्तीत ती ऐच्छिक झाली. आणि ती सक्तीची होती तेव्हाही वस्तू ‘कोणी काढली’ एवढंच सांगत होती, ‘कशी जाणली’ हे नाही. ड्रॉइंग बोर्डाच्या काळात अनुभवी ड्राफ्ट्समन खात्री नसलेली रेघ हलक्या हाताने किंवा तुटक काढत असे. पडद्यावरची रेघ खात्री असो वा नसो, तितकीच गडद उमटते.

जाणलेली गोष्ट कशी जाणली, या प्रश्नावर आपल्याकडे फार बारीक विचार झालेला आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणं मानली, आणि त्यांच्यात भेद करण्यावर आपली सगळी इमारत उभी केली. बोरिवलीच्या त्या खोलीतली समोरची, टेपने मोजलेली भिंत प्रत्यक्ष, शेजाऱ्याची भिंत अनुमान, मंजूर नकाशावरची भिंत शब्द. पण माझ्या मुद्द्याला याहून उपयोगी आहे तो नैयायिक आणि मीमांसक यांच्यातला प्रामाण्याचा जुना वाद. मीमांसक कुमारिल भट्टांचं म्हणणं असं, की ज्ञान जन्मतःच प्रमाण असतं. ते खरं आहे हे ठरवायला बाहेरचा आधार लागत नाही. खोटं मात्र ते बाहेरून ठरतं, एकतर ज्या कारणातून ते उपजलं त्यात दोष सापडला म्हणून, नाहीतर त्याला बाध आणणारं दुसरं ज्ञान आलं म्हणून. नैयायिक म्हणतात, खरेपणाही बाहेरूनच ठरतो. पाणी दिसलं, पुढे गेलो, तहान भागली. तेव्हा ते दिसणं खरं होतं. वात्स्यायनाचं न्यायभाष्य सुरूच होतं ते प्रवृत्तीच्या या सफलतेपासून. न्यायदर्शनात बांधकामाचं सॉफ्टवेअरही होतं असं मला सुचवायचं नाही. असल्या दाव्यांनी त्या ग्रंथांचा अपमानच होतो. पण ज्ञानाचा कस कसा लावायचा याबद्दल जी शिस्त त्या वादात आहे, ती आज कोणत्याही सॉफ्टवेअर-खरेदीच्या तक्त्यात मला दिसत नाही. भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश एकोणिसाव्या शतकात मुंबईत छापला गेला आणि केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश वाईच्या प्राज्ञपाठशाळेने काढला. ही आपल्या हाताशी असलेली सामग्री आहे, आणि ती केवळ पंडितांच्या कपाटात राहावी अशी नाही.

बिमच्या बाजारात आज जी कसोटी सर्वांत जास्त मिरवली जाते ती मूलतः मॉडेलच्या आतली आहे. तिचं नाव क्लॅश तपासणी. वास्तुरचनाकाराचं मॉडेल, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मॉडेल आणि नळ-वायर-एसीवाल्यांचं मॉडेल एकावर एक ठेवायचं, आणि पाइप बीममध्ये घुसला आहे का, डक्ट स्लॅबला घासतो आहे का हे यंत्राकडून शोधून घ्यायचं. नेव्हिसवर्क्स किंवा सोलिब्री यांसारखी सॉफ्टवेअर हे काम फार चोख करतात, आणि त्याचं मोल कमी लेखणं चूक ठरेल. साइटवर उभ्या बीममध्ये मागाहून कोअर कटिंग करून भोक पाडावं लागणं हा पैशाचाही नाश आहे आणि बीमचाही. तरीही क्लॅश शून्यावर आले याचा अर्थ इतकाच, की मॉडेलमधली विधानं एकमेकांना छेद देत नाहीत. खोट्या विधानांचा एक संचही एकमेकांशी पूर्ण जुळू शकतो. जमिनीखालची मलवाहिनी नकाशात दाखवली तिथे नसून चार फूट पलीकडे असेल, तर मॉडेलमधल्या पाइलचा तिच्याशी क्लॅश होणारच नाही, कारण मॉडेलला ती चुकीच्या जागीच ठाऊक आहे. गोखले पुलाच्या कामासाठी कोणतं सॉफ्टवेअर वापरलं होतं हा इथे मुद्दाच नाही. कोणतंही असतं तरी ज्या पुलाची नवी उंची त्याला सांगितली आणि ज्या पुलाची सांगितलीच नाही, त्यांच्यात त्याला विरोध दिसला नसता. घाटकोपर-मुलुंडच्या उपाश्रयांमध्ये जे दर्शन आजही शिकवलं जातं त्या जैन तर्कशास्त्राने या एकांगीपणाला नेमकं स्थान दिलं आहे. प्रत्येक विधान एका नयातून, एका बाजूने केलेलं असतं, आणि ते तसं आहे हे मान्य असेल तोवर त्यात दोष नाही. एका बाजूने पाहिलेलं सगळं तेवढंच आहे असा हट्ट धरला की तोच नय दुर्नय होतो. स्ट्रक्चरचं मॉडेल हा एक नय, प्लंबिंगचं दुसरा, रेल्वेच्या मोकळ्या उंचीचा तक्ता तिसरा. तीन नय एकत्र ठेवले म्हणून पूर्ण सत्य हाती येत नाही. आपल्यात काय नाही हे ज्या मॉडेलला सांगता येत नाही, ते कितीही सुंदर असलं तरी दुर्नयाच्या वाटेवर असतं.

यावर व्यवहारात मुरलेला माणूस सांगेल, की हा दोष सॉफ्टवेअरचा नाही, वापरणाऱ्याचा आहे. रकाना बनवता येतो ना? मग बनवा. मोजलेली भिंत हिरवी, धरलेली पिवळी, नकाशावरची तांबडी करा. सॉफ्टवेअर अडवत नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि काही शिस्तीची कार्यालयं असं करतातही. अमेरिकेत अस्तित्वात असलेल्या इमारतींच्या दस्तऐवजीकरणासाठी अचूकतेच्या पातळ्यांचा एक ठरलेला तक्ता आहे. त्यात प्रत्यक्ष मोजमापाची अचूकता वेगळी आणि मॉडेलमध्ये मांडलेल्या आकृतीची अचूकता वेगळी लिहायची असते. म्हणजे हा भेद करणं अशक्य नाही, कोणाला सुचलेलं नाही असंही नाही. पण जे साधन न विचारता गडद रेघ देतं आणि शंका नोंदवायला मात्र चार पायऱ्या चढायला लावतं, ते तटस्थ नसतं. रेव्हिटमध्ये नवी भिंत काढायला घेतली की ‘जेनेरिक’ नावाचा एक सर्वसाधारण प्रकार हाताशी येतो. ती भिंत कशाची आहे हे ठरलेलं नसतं, तरी जाडी ठरून जाते, आणि त्या जाडीवरून चटईक्षेत्र, विटांची संख्या, प्लास्टरचा हिशोब सगळं पुढे चालू लागतं. महापालिकेच्या इमारत-परवानगीत नकाशे संगणकी तपासणीतून जातात. यंत्र बाजूचं मोकळं अंतर आणि एफएसआय नियमांशी ताडून पाहतं. तिथेही यंत्र काढलेली रेघ मोजतं. ती प्लॉटच्या हद्दीवर खरंच आहे का हे यंत्राला कळत नाही. रात्री अकरा वाजता सबमिशन संपवणारा मुलगा जे विचारलं जातं तेच भरतो. म्हणून काय विचारायचं हे ठरवणं हा साधनाच्या गुणवत्तेचाच भाग आहे. शब्दप्रमाण आणि प्रत्यक्ष यांच्यातला भेद पुसून टाकणाऱ्या साधनाला वापरणाऱ्याच्या आळसामागे लपू देणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. नैयायिकाची कसोटी फळाची. पाणी आहे की नाही हे तहान भागल्यावर कळणार. इमारतीच्या बाबतीत फळाची वाट पाहणं म्हणजे काय? ती उभी राहिली तर मॉडेल खरं, पडली तर खोटं? २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि सतरा माणसं मेली. तळमजल्यावर जिथे पूर्वी रुग्णालय होतं तिथे फेरबदलाचं काम चालू होतं, आणि त्यात खांबांना हात लावला गेला असा आरोप झाला. असं फळ मिळाल्यावर होणारं ज्ञान कोणाच्या कामाचं? नैयायिकांना ही अडचण ठाऊक होती. वाचस्पती मिश्रांनी तिला उत्तर दिलं: जिथे अनुभव नवा आहे तिथे प्रवृत्तीच्या सफलतेने खात्री करावी लागते, पण जिथे ज्ञान ओळखीच्या जातीचं आहे तिथे तज्जातीयत्वावरून, आधी तपासून खरं ठरलेल्या ज्ञानाशी असलेल्या त्याच्या सारखेपणावरून, फळाच्या आधीच खात्री करता येते. बांधकामात याचा अर्थ अगदी सरळ आहे. या पद्धतीने, या सॉफ्टवेअरमध्ये, या कार्यालयाने आधी जी मॉडेलं केली ती बांधून झालेल्या इमारतींशी कितपत जुळली? पाइप जिथे दाखवला होता तिथून किती सरकला? स्लॅबची पातळी किती वर-खाली निघाली? हा हिशोब असेल तर पुढच्या मॉडेलवर किती विसंबायचं हे ओतकामाआधी सांगता येतं. नसेल, तर प्रत्येक इमारत हा नवा अनुभव, आणि मग खरंच फळाची वाट पाहण्याशिवाय काही उरत नाही. आपल्याकडे इमारत पूर्ण झाल्यावर ‘अॅज-बिल्ट’ ड्रॉइंग द्यायचं असतं. पुष्कळदा ते मंजूर ड्रॉइंगवर नवी तारीख टाकून तयार होतं. असं करणारा माणूस फक्त एक कागद खोटा करत नाही. पुढच्या इमारतीविषयी आधीच खात्री करून घेण्याचा रस्ता तो बंद करतो. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना माझ्या मते सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट हीच, की बांधून झालेल्या कामाचं स्कॅन किंवा टोटल स्टेशन या मोजणी-यंत्राची मापं मॉडेलशेजारी ठेवून फरक दाखवणं आणि तो फरक पुसला न जाता टिकवणं त्यात किती सुलभ आहे.

सिद्धी साईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती जी बिमच्या जाहिरातींत क्वचित येते. खरं ज्ञानही कालांतराने खोटं होतं. बांधताना तिचा नकाशा बरोबर असेल. आरोप खरा असेल तर खांबांना हात लागला त्या दिवशी तो चुकीचा झाला, आणि ही बातमी कोणत्याही कागदाला कळली नाही. इमारत पन्नास-साठ वर्षं उभी असते. मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३५३ब कलमानुसार तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं बंधनकारक आहे, म्हणजे कायद्यालाही ज्ञान जुनं होतं हे मान्य आहे. पण आज मुलुंडमध्ये तयार झालेलं मॉडेल तीस वर्षांनी त्या ऑडिटरला उघडता येईल का? रेव्हिटची नवी आवृत्ती दरवर्षी येते, आणि नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. परवाना वार्षिक भाड्याचा. भाडं थांबलं की आपलीच फाइल आपल्याला बदलता येत नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या काही नामांकित वास्तुरचना कार्यालयांनी रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कला उघड पत्र लिहून त्याची वाढती किंमत आणि खुंटलेली सुधारणा यांबद्दल नाराजी कळवली होती. त्यांची तक्रार व्यवसायाची होती. गृहनिर्माण सोसायटीची अडचण त्याहून मोठी आहे, कारण सभासदांना सॉफ्टवेअरशी काही देणंघेणं नाही, त्यांना आपल्या डोक्यावरच्या बीमबद्दलचं ज्ञान हवं आहे. जे ज्ञान एका कंपनीच्या परवान्याशिवाय वाचता येत नाही ते सभासदांच्या मालकीचं आहे असं कसं म्हणायचं? आयएफसी हा आयएसओ १६७३९ म्हणून मान्य झालेला खुला साचा इथे उपयोगी पडतो, आणि एखादं सॉफ्टवेअर त्यात माहिती न गाळता किती निगुतीने बाहेर देतं, आणि ती परत आत घेताना भिंतीची भिंतच राहते की नुसता निर्जीव ठोकळा होतो, हे तपासणं कोणत्याही खरेदीदाराला एका दुपारचं काम आहे.

आता शब्दप्रमाणाकडे येतो, कारण उपनगरांतला हा व्यवसाय मुख्यतः त्यावरच चालतो. अंधेरीच्या एमआयडीसी पट्ट्यात आणि इतरत्र अशी कार्यालयं आहेत जिथे तरुण मुलंमुली अमेरिका-ब्रिटनमधल्या इमारतींची मॉडेलं बनवतात. ती इमारत त्यांनी पाहिलेली नसते, पाहणारही नसतात. त्यांच्याकडे येतात त्या पीडीएफ, काही फोटो, एक पॉइंट क्लाउड, म्हणजे लेझर स्कॅनमधून आलेला बिंदूंचा संच. दिवसभर ती दुसऱ्याच्या शब्दाला आकार देतात. यात कमीपणा काही नाही. न्यायाने शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानलं ते उगाच नाही. पण शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर. वात्स्यायनाने आप्त कोण हे सांगताना कूळ, पदवी काही पाहिलं नाही: ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. ही व्याख्या साइटवर लावून पाहा. शटरिंग उघडल्यावर बीमला पडलेली भेग ज्याने पाहिली तो सेंटरिंगवाला, ड्रेनेज लाइन खोदताना जिला हात लागला ती जुनी लाइन कुठे आहे हे जाणणारा प्लंबर, हे त्या गोष्टीपुरते आप्त आहेत, आणि वातानुकूलित खोलीतला मॉडेल मॅनेजर त्या गोष्टीपुरता नाही. मॉडेलमध्ये त्यांचा शब्द शिरायला वाट असते का? बहुतेक ठिकाणी साइटवरून प्रश्न ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवरच्या फोटोने येतो, त्याला उत्तर जातं, काम पुढे सरकतं, आणि मॉडेल जिथल्या तिथे राहतं. मीमांसकांनी सांगितलेला बाध आला खरा, पण ज्या ज्ञानाला तो आला होता त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. मराठीत किंवा हिंदीत, मोबाइलवरून, पाच ओळीही न लिहिता फोटो काढून त्या विशिष्ट बीमवर ‘इथे जुळत नाही’ अशी खूण करता आली आणि ती खूण पुसण्याचा अधिकार फक्त प्रत्यक्ष पाहणाऱ्याकडे ठेवता आला, तर ते सॉफ्टवेअर माझ्या लेखी दहा चमकदार दृश्यं काढून देणाऱ्यापेक्षा वरचढ.

मीमांसकांचा मुख्य आक्षेप अजून उरतोच. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा आधार मागू लागलो तर अनवस्था ओढवेल: मॉडेलला टेपने तपासा, टेपला प्रमाणित पट्टीने, पट्टीला आणखी कशाने. असं करत बसलं तर एकही स्लॅब पडायचा नाही, आणि उपनगरांत पुनर्विकासाची वाट पाहत भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना हा उशीर परवडणारा नाही. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. सगळंच तपासायचं असं कोणीही शहाणा नैयायिक म्हणत नाही. शंका जिथे उठते आणि चूक झाली तर जिथे जीव जातो तिथे तपासायचं. पण शंका उठायलाही ती जागा दिसावी लागते. मोजलेल्या आणि गृहीत धरलेल्या भिंती सारख्याच गडद असतील तर शंका कुठे उठावी? शंभर भिंतींपैकी ज्या सात केवळ अंदाजाने काढल्या आहेत त्या वेगळ्या दिसत असतील, तर सातच तपासाव्या लागतात, आणि काम लांबण्याऐवजी आटोपतं. रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर ठेवली आहे. म्हणजे या पाच वर्षांत मॉडेल आणि इमारत यांच्यातला फरक जपून ठेवण्यात बिल्डरचंही हित आहे. गळती लागली तर पाइप खरोखर कुठून गेला हे त्यालाच आधी लागणार आहे. पुनर्विकासाच्या करारात सोसायट्या आज लॉबीतल्या मार्बलपासून लिफ्टच्या कंपनीपर्यंत सगळं लिहून घेतात. त्याच करारात मॉडेल खुल्या साच्यात मिळावं, त्यात प्रत्येक कॉलम-बीमसमोर तो बांधल्यावर मोजला की फक्त ड्रॉइंगवरून घेतला याची नोंद असावी, आणि ताब्याआधी सभासदांनी निवडलेल्या काही जागी ती नोंद त्यांच्या इंजिनिअरसमोर टेप लावून पडताळावी, अशी तीन कलमं घालायला कोणताही नवा कायदा लागत नाही. हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये सहज जमेल ते घ्यायला बिल्डरची कार्यालयं मग आपोआप लागतील, आणि ज्यात जमत नाही ते बनवणाऱ्यांना त्यांच्या पट्टीत तो न विचारलेला रकाना घालावा लागेल.